‘सोशली’ म्हणजे नेमकं किती?

गेल्या महिन्यात डोंबिवलीहून वन्संचा फोन आला. "वहिनी, पोरीसाठी एक स्थळ आलंय. चांगलं आहे. पण मुलाकडचे म्हणतायत ताजमध्ये भेटू. सी लाउंजमध्ये. तुम्ही या बाई. तुम्हाला चार माणसांत बोलायची सवय आहे, माझी तर तिथे वाचाच बसेल."

ताज म्हणजे आम्हा तासगावकरांना ठाऊक आहे तो फोटोतला. शाळेच्या सहलीला गेटवेसमोर कबुतरांत उभं राहून फोटो काढायचा आणि मागे तो घुमट यायला हवा, एवढीच आमची त्याची ओळख. त्याच्या आतही जायचं असतं, आत बसून चहा प्यायचा असतो, हे उभ्या जन्मात डोक्यात आलं नव्हतं. पण भाचीचं लग्न जमायचं म्हणजे मामीने जायलाच हवं. किलोभर बेदाणे बांधून घेतले (आमच्याकडून कुठेही जाताना दुसरं काय नेणार?) आणि मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडली.

साडीवरून आमच्या दोघींत जो खल झाला तो सांगत बसत नाही. शेवटी वन्संनी नारायणपेठ नेसली आणि मी नेहमीची इरकल. भाची आपली साधा कुर्ता घालून तयार. "मामी, हॉटेल आहे ते, देऊळ नाही," म्हणाली. तिचं खरं होतं, पण दारातल्या तपासणीच्या मशीनमधून माझी बेदाण्यांची पिशवी सरकत गेली तेव्हा देवळात चप्पल काढताना वाटतं तसंच काहीतरी वाटलं मला. आपलं काहीतरी चुकेल, कुणीतरी म्हणेल "इकडून नाही, तिकडून."

कुणी काही म्हणालं नाही. उलट दारावरच्या फेटेवाल्याने हात जोडले.

सी लाउंज पहिल्या मजल्यावर. जिना चढताना मी सारखी वरच बघत होते. हे हॉटेल जमशेटजी टाटांनी बांधलं, १९०३ साली ते सुरू झालं, हे पुस्तकात वाचलं होतं. पण त्याचा आराखडा करणाऱ्यांत एक सीताराम खंडेराव वैद्य होते, अगदी आपल्यातलं नाव, हे मुलाच्या आत्याने जिन्यात सांगितलं. त्या कुलाब्यातच राहतात. भेटायची जागा त्यांनीच ठरवली होती. २००८ च्या २६ नोव्हेंबरला अतिरेकी इथे शिरले, आग लागली, पाहुण्यांना वाचवताना हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी स्वतःचे जीव दिले. त्या दिवसांत आम्ही टीव्हीसमोरून हललो नव्हतो. जुनी इमारत दुरुस्त होऊन २०१० च्या १५ ऑगस्टला पुन्हा उघडली. आज बघताना खूण दिसत नाही. पण आत्या म्हणाल्या, "आम्ही जुने लोक खिडकीजवळ बसलो की आठवतंच."

त्या लाउंजचं वर्णन काय करू? मोठमोठ्या खिडक्या, खिडकीत समुद्र, समुद्रात होड्या आणि बाजूला गेटवे. आपण लहानपणी जिथे उभं राहून वर बघितलं, तिथेच आता वरून खाली बघायचं. खाली माणसंच माणसं, फुगेवाले, फोटोवाले, आणि वर काचेच्या आत कपबशीचा आवाज. खायला काय मागवलं असेल? शेव-बटाटा-पुरी! मी मनात म्हटलं, अहो, हे आमच्या बसस्टँडसमोर मिळतं. मग मेनूकार्डावर किंमत बघितली. आमच्या बचत गटातल्या चौघीजणींचा महिन्याचा हप्ता त्यात निघाला असता. कार्ड मिटून ठेवलं.

आत्यांनी सांगितलं की इथे बघण्याचे कार्यक्रम पिढ्यान्पिढ्या होत आले आहेत. पारशी, गुजराती, सिंधी कुटुंबं इथेच मुलगा-मुलगी समोरासमोर बसवायची. दोन्ही घरांपैकी कुणाच्याच घरी जायचं नाही, म्हणजे नकार आला तरी कुणाच्या उंबऱ्याचा अपमान नाही. ही युक्ती मला फार आवडली. आमच्याकडे अजून मुलीच्याच घरी पोहे होतात, बारा माणसं येतात, आख्खी गल्ली खिडकीतून बघते आणि नकार आला की ती मुलगी महिनाभर दुकानात जायला लाजते. पोह्यांचा खर्च एक वेळ परवडला.

पण मैत्रिणींनो, मला तिथे सगळ्यांत जास्त काय बघावंसं वाटलं सांगू? मुलगा नव्हे. आमच्या पलीकडच्या टेबलावर एक बाई एकटीच बसली होती. साठीची असेल. पांढरे कापलेले केस, सुती साडी, समोर चहाची किटली आणि वर्तमानपत्र. ती वाचत होती, मधेच समुद्राकडे बघत होती. तासभर बसली. एकाही माणसाने तिच्याकडे वळून बघितलं नाही. वेटरने येऊन "अजून कुणी येणार आहे का?" असं विचारलं नाही.

ज्यांना तालुक्याच्या गावी कामासाठी फिरावं लागतं त्यांनाच याची किंमत कळेल. तहसील कचेरीत साहेब जेवायला गेलेले असतात, एसटी दोन तासांनी असते. हे दोन तास बाईने बसायचं कुठे? स्टँडवरच्या बाकड्यावर. हॉटेलात गेलं तर पुढच्या भागात पुरुष. बाईला बघितलं की पोऱ्या आपोआप आत बोट दाखवतो, ‘फॅमिली रूम’. म्हणजे काय, तर पडदा लावलेली एक कोंदट खोली, पंखा बंद, टेबलावर ओलं फडकं, आणि भिंतीवर ‘फालतू बसू नये’. मी एकदा मोर्चा संपवून एकटीच तिथे बसले, तर पोऱ्याने विचारलं, "ताई, फॅमिली कुठाय?" मी म्हटलं, "मीच फॅमिली." तो हसला, पण चहा आणायला वीस मिनिटं लावली. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला ‘परमिट रूम’ची पाटी, तिथे तर बाईने मान वर करूनही बघायचं नाही. गावात पुरुषाला बसायला पार आहे, टपरी आहे, कट्टा आहे, परमिट रूम आहे. आपल्याला पडद्यामागची एक खोली, तीही सोबत कुणी असलं तर. (आणि हो, ताजमधलं बायकांचं स्वच्छतागृह! त्यावर मी वेगळा लेख लिहू शकेन. ज्या बाईने दिवसभर पाणी न पिता मोर्चे काढले आहेत तिलाच विचारा.)

तर, मुद्द्यावर येते.

मुलगा बोलायला बरा वाटला. शिकलेला, नोकरी चांगली, भाचीशी नीट डोळ्यांत बघून बोलत होता. मग त्याची आई अगदी सहज, कपात साखर घालता घालता म्हणाली, "एक आधीच सांगून ठेवते हं, आमच्याकडे सगळे सोशली घेतात. म्हणजे व्यसन वगैरे काही नाही. आपलं सोशली."

वन्संनी मान हलवली. "हो हो, आजकाल काय..." म्हणाल्या. आणि मी?

मी गप्प बसले.

मी कोण, ते जरा सांगायला हवं. गेली पंधरा वर्षं मी आमच्या भागात बचत गटांचं आणि दारूबंदीचं काम करते. ग्रामसभेत सरपंचाला उभं करून प्रश्न विचारणारी बाई मी. कुणाच्या नवऱ्याने पगार कुठे उडवला ते चारचौघांत विचारायला मला कधी लाज वाटली नाही. आणि त्या मऊ खुर्चीत बसून, पांढऱ्या रुमालाला हात पुसत, मला तीन शब्द विचारता आले नाहीत. "सोशली म्हणजे किती?"

निघताना आत्या म्हणाल्या, "आलाच आहात तर खाली हार्बर बार बघून जा. मुंबईतला पहिला परवान्याचा बार आहे, १९३३ सालचा. लायसन्स नंबर एक!" वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी दारातूनच डोकावले. आत मंद दिवे, लाकूडकाम, हळू आवाजातलं बोलणं. पुरुष होते, बायकाही होत्या, दोघी-तिघी ऑफिसातून आल्यासारख्या वाटल्या. काउंटरमागे एक मुलगी गणवेशात पेला पुसत उभी होती. आमच्या भाचीएवढीच. वास नाही, आरडाओरडा नाही, दाराशी लोळणारं कुणी नाही. आयुष्यभर ज्या वस्तूच्या विरोधात मी घोषणा दिल्या ती समोर शंभर बाटल्यांत मांडून ठेवलेली होती आणि माझ्या मनात काय आलं, तर "किती छान ठेवलंय!"

लोकलमध्ये मला स्वतःचा राग आला. खिडकीत बसून मी हिशेब मांडत गेले.

पाच वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या एका मुलीला चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा बागायतदाराचा, कष्टाळू. कुणीतरी त्याला सांगली रस्त्यावरच्या परमिट रूममधून मित्रांबरोबर बाहेर पडताना बघितलं. ते माझ्या कानावर आलं आणि मीच मुलीच्या आईला जाऊन सांगितलं, "पितो तो. नको." स्थळ मोडलं. तो किती पितो, कधी पितो, पिऊन काय करतो, एक प्रश्न मी विचारला नाही. ‘परमिट रूममधून बाहेर पडला’ एवढ्यावर निकाल दिला. आज तो मुलगा लग्न होऊन सुखाने संसार करतोय, बायकोला घेऊन आमच्या मेळाव्याला येतो. मला बघून नमस्कार करतो, त्याला माहीत नाही.

म्हणजे आमच्या रस्त्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला तर ‘पितो’, आणि समुद्राकाठी मखमली खुर्चीत बसला तर ‘सोशली घेतो’. खरं तर कायदा दोघांना एकच आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला आजही परवाना लागतो, ‘परमिट रूम’ हे नावच त्यावरून पडलं. बिअर आणि वाइनला वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत, बाकी दारूला २५. लायसन्स नंबर एक असो की आमच्या नाक्यावरचं, वय तेच, परवाना तोच. बदलते ती खुर्ची.

आणि ही खुर्ची बघून निकाल देण्याची खोड मला एकटीलाच नाही. आपल्या राज्याने एकदा ती चक्क कायद्यात लिहून ठेवली होती.

२००५ साल आठवा. डान्स बार बंदी. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील आमच्या तालुक्यातले, अंजनीचे. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणायचो. ग्रामस्वच्छता अभियान त्यांचं, त्यामुळे आबा करतील ते गरिबाच्या भल्याचं असा बायकांचा विश्वास होता, आणि तो उगीच नव्हता. मी तेव्हा नवी सून होते. बंदीची बातमी आली तेव्हा आम्ही चौकात पेढे वाटले. घरचे पैसे डान्स बारमध्ये उडवणारे पुरुष आमच्याही भागात होते, त्यांच्या बायका त्या दिवशी रडत पेढा खात होत्या. ते अश्रू खोटे नव्हते. आजही मी त्यांना खोटं म्हणणार नाही.

पण कायदा आम्ही कुणी वाचला नव्हता. पुढे एका कार्यशाळेत एका वकील ताईंनी तो उघडून दाखवला. पोलीस कायद्यात दोन कलमं नवी घातली होती. पहिल्या कलमाने खाणावळी, परमिट रूम, बिअर बार इथले नाच बंद. आणि लगेच दुसऱ्या कलमाने सूट. कुणाला? नाट्यगृहांना, क्लब-जिमखान्यांना आणि तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना! म्हणजे तोच नाच, तीच दारू, तेच पैसे. छोट्या बारमध्ये समाज बिघडतो आणि तीन चांदण्या लागल्या की बिघडत नाही.

हायकोर्टाने २००६ मध्ये ही बंदी रद्द केली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं आणि तिथेही २०१३ च्या जुलैमध्ये हरलं. श्रीमंतांची नीतिमत्ता गरिबांपेक्षा वरची असते असं धरून चालता येणार नाही, अशा अर्थाचं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं आहे. सुमारे ७५ हजार बायकांचं काम गेल्याचा आकडाही त्याच खटल्यात पुढे आला. मग २०१४ मध्ये विधिमंडळाने मोठ्या हॉटेलांनाही बंदीत घेतलं. चर्चा न करता, एकमताने. त्या दुरुस्तीला २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. २०१६ मध्ये बंदीऐवजी कडक अटींचा नवा कायदा आला, त्यातल्या बऱ्याच अटी २०१९ च्या जानेवारीत कोर्टाने सैल केल्या. इतकी वर्षं हा खेळ चालला. आबा २०१५ मध्ये गेले. त्यांच्या हेतूवर मी आजही शंका घेत नाही, पण त्या दुसऱ्या कलमाचा प्रश्न मी त्यांना विचारायला हवा होता. अंजनी काही लांब नाही.

त्या ७५ हजारांतली एक मला भेटली आहे. नाव लिहीत नाही. बार बंद झाल्यावर ती माहेरी परत आली होती, आमच्या गटात चपात्या लाटायला यायची. कशी गेली, कुणी नेली, काय काय सोसलं, ते ती कधी पूर्ण बोलली नाही. एवढंच म्हणायची की दोन भावांची शिक्षणं तिच्या पैशांतून झाली, आणि आता तेच भाऊ तिला दारात उभं करत नाहीत. एकदा पीठ मळता मळता तिने मला विचारलं, "ताई, मोठ्या हॉटेलात चालू आहे म्हणे अजून?" मी ठसक्यात उत्तर दिलं, "छे! सगळीकडे बंद झालंय. कायदा सगळ्यांना सारखा असतो." तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पीठ मळायला लागली. तिला ठाऊक होतं. मला नव्हतं. खोटं बोलले नव्हते मी, पण तिला काय वाटलं असेल ते आता कळतं.

परवा हार्बर बारच्या काउंटरमागची मुलगी बघून मला तिचीच आठवण झाली. त्या मुलीचा तिथला हक्कही काही आपोआप आलेला नाही. दिल्लीत १९१४ सालच्या एका जुन्या अबकारी कायद्याने, जिथे दारू दिली जाते तिथे बाईला नोकरीच ठेवायची नाही, असं होतं. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये सांगितलं की बाईच्या सुरक्षिततेचं नाव पुढे करून तिचं काम काढून घेता येणार नाही, सुरक्षितता द्या. आपल्याकडेही २०१७ च्या दुकानं-आस्थापनांच्या कायद्यात रात्री साडेनऊनंतर काम करायचं तर बाईची संमती हवी आणि तिच्या संरक्षणाची, घरी पोचवण्याची सोय मालकाने करायला हवी असं आहे. गणवेश, पगाराची पावती, घरी सोडायला गाडी. माझ्या चपात्या लाटणाऱ्या बाईला यातलं एक जरी मिळालं असतं! तिला वाचवायला निघालेल्या आम्ही तिच्या पगाराच्या पावतीचा विचारच केला नाही. पेढे वाटले.

याचा अर्थ मी आता दारूच्या बाजूची झाले का? नाही हो. कालच एका गावात सह्या गोळा करून आले. २००८ च्या नियमाने गावातल्या चौथा हिस्सा बायकांनी सह्या दिल्या तर मतदान लागतं, चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला गावातल्या एकूण मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली तरच दुकान बंद. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत, बरं का, एकूण यादीच्या! ऊसतोडीला गेलेली, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, लग्न होऊन पाच वर्षांपूर्वी सासरी गेली तरी यादीत राहिलेली, आणि एखादी देवाघरी गेलेलीसुद्धा, सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूने धरल्या जातात. आमदार-खासदार निवडताना असा हिशेब कुणी लावत नाही. एका गावात आम्ही झालेल्या मतदानात जिंकून यादीत हरलो. त्या संध्याकाळी दुकानदाराने फटाके लावले. तेव्हा दारू म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये. पगाराच्या दिवशी रात्री मार खाऊन माझ्या दारात आलेल्या बायकांच्या जखमांना मी हळद लावली आहे.

पण मी हेही बघितलंय की आम्ही फक्त गरिबाच्याच बाटलीवर बोट ठेवतो. तिच्या घरात भिंत पातळ असते, मारल्याचा आवाज गल्लीत येतो, म्हणून ती आमच्याकडे येते. ज्या घराची भिंत जाड आहे, जिथे नवऱ्याला घरी आणायला ड्रायव्हर आहे, तिथली बाई कुठल्या बचत गटात येणार? तिच्या नवऱ्याला कुणी दारुडा म्हणत नाही. तो ‘सोशली’ घेतो. आणि ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालते. आमच्या तालुक्यात अशा दोघी मला माहीत आहेत, आणि दोघींनी मला शपथ घातली आहे.

म्हणून वाटतं, स्थळ बघताना आपण जागा बघणं सोडावं आणि प्रश्न विचारावेत. किती घेता? आठवड्यातून किती वेळा? घेतल्यावर बोलता की गप्प बसता? हात उचलता का? गाडी कोण चालवतं? त्या पैशांचा हिशेब बायकोला दिसतो का? हे प्रश्न ताजमध्येही विचारता येतात आणि आमच्या गल्लीतल्या पोह्यांच्या बैठकीतही. फक्त विचारणाऱ्या बाईच्या तोंडाला खुर्चीने कुलूप लावता कामा नये. माझ्या तोंडाला लागलं होतं.

हे सगळं मी वन्संच्या घरी पोचल्यावर बोलले. वन्संचं म्हणणं, "वहिनी, आता काय पुन्हा फोन करून विचारायचं का? काय वाटेल त्यांना? एवढ्या मोठ्या ठिकाणी चहा दिला त्यांनी." बघा, चहासुद्धा कामाला येतो. मी म्हटलं, मी विचारते फोन करून. तर भाची आतून आली, हातात मोबाइल. "मामी, तुम्ही दोघी भांडू नका. मी त्याला मेसेज केलाय, रविवारी पुन्हा भेटू, फक्त आपण दोघंच. आणि जागा मी ठरवणार."

"कुठे?" वन्संनी धास्तावून विचारलं.

"दादरला. उडप्याकडे. तिथे वेटर दर दहा मिनिटांनी ‘और कुछ?’ विचारतो, त्यामुळे लवकर मुद्द्यावर यावं लागतं."

रविवारी रात्री मी तासगावात होते. तिचा फोन आला. तिने विचारलं होतं, सगळे प्रश्न, मी सांगितलेले आणि तिचे स्वतःचे दोन. म्हणाली, "मामी, आधी तो हसला. मग जरा चिडला. मग म्हणाला, हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं, मला विचार करून सांगावं लागेल."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, इडली खाल्ली. बिल निम्मं निम्मं दिलं. बुधवारपर्यंत सांगतो म्हणालाय. आणि हो, तुमचे बेदाणे त्याच्या आईला आवडले म्हणे. अजून पाठवाल का?"

बेदाणे बांधून ठेवले आहेत. पाठवायचे की नाही ते बुधवारी ठरवीन.